बैसाणे नाना आणि इंजिनाची आंघोळ

आज सकाळी जळगावला अजिंठा चौफुलीजवळ एका ऑटो पार्ट्सच्या दुकानात गेले होते, भावाच्या टेम्पोचा फॅनबेल्ट घ्यायला. काउंटरवर ती दिसली. हिरवी बाटली. अजून विकतात. तेच लेबल, तोच उडत्या ट्रकचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात तीच दोन वाक्यं: 'डिझेलमध्ये टाका, धूर विसरा. तंत्रनिकेतनात कसोटीवर सिद्ध.' त्यातलं दुसरं वाक्य मी टाईप केलेलं आहे. मी स्वतः, दोन कार्बन लावून, धुळ्याला. दुकानदार म्हणाला, ताई, बाटली देऊ का, लोक नेतात. फॅनबेल्ट न घेताच बाहेर आले आणि घरी येऊन आधी हे लिहायला बसले, कारण बैसाणे नानांबद्दल कुणीतरी लिहायलाच पाहिजे आणि दुसरं कुणी लिहिणार नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात, नाव सांगत नाही, मी यंत्र विभागात टायपिस्ट म्हणून लागले. नुकती बी.कॉम. झालेली, इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख म्हणाले, इंजिन लॅबमधून बैसाण्यांकडचा रीडिंगचा कागद घेऊन ये. गेले. एक सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, पांढरीच पँट. इंजिन लॅबमध्ये पांढरी पँट! नळावर हात धूत होता. आधी लाकडाचा भुसा, मग साबण, मग परत भुसा. हात नाकाजवळ नेला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि परत धुतला. असं तीनदा. मग मला म्हणाला, "कागद टेबलावर आहे माय. मी हात लावत नाही, डाग पडेल."

हे बैसाणे नाना. मूळचे भडगावचे, आयटीआय करून आलेले, लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला 'माय' म्हणायचे. माणूस भेटला की दोन मिनिटांत कळायचं की याला सगळ्याची किळस येते. ओल्या टॉवेलची येते, चहाच्या कपाच्या कडेची येते. वापरलेल्या ऑईलमध्ये बोट बुडवून बघणाऱ्या मास्तरांची तर फारच. आणि असा माणूस आयुष्यभर काम कशात करत होता, तर काजळीत. मी एकदा विचारलंही. म्हणाले, "ज्याले घाण दिसत नही, तो काय साफ करी?" एरवी साधं शहरी मराठी बोलायचे, पण आतून काही हललं की अहिराणी बाहेर पडायची. आम्हाला ती खूणच होती. नाना अहिराणीवर आले की पोरं स्टूल सोडून उभी राहायची.

लॅबमध्ये एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. हँडल मारून चालू करायचं. त्याच्या चाकाला दोर गुंडाळलेला, दोराला वजनं टांगलेली, म्हणजे इंजिनावर ओझं. वर काचेची उभी नळी, तीत डिझेल. दहा सीसी डिझेल किती सेकंदांत संपतं ते घड्याळ लावून मोजायचं. जास्त सेकंद टिकलं तर इंजिन कमी पितं. एवढं मलासुद्धा कळलं, कारण नानांनी सांगितलं. नाना असं सांगायचे की भाजीवालीलाही कळेल.

पण धूर मोजायचं यंत्र नव्हतं. मागणी दरवर्षी जायची, मीच टाईप करायचे, दरवर्षी परत यायची. म्हणून नानांनी स्वतःची पद्धत काढली होती. मांजरपाटाच्या कापडाचे पांढरे चौकोन, सगळे एका मापाचे, बायकोने घरी कडा शिवलेले. लोखंडाच्या एका कड्यात तो तुकडा ताणून बसवायचा, भरतकाम करताना बसवतात तसा. इंजिनावर ठरलेलं ओझं, ठरलेले फेरे. तो तुकडा धुराच्या नळीपासून वीतभर लांब धरायचा आणि तीसपर्यंत मोजायचं. जेवढा काळा, तेवढी इंजिनाची तब्येत खराब. मग त्या तुकड्याला टाचणी लावून कागदाच्या चिठ्ठीवर तारीख, ओझं, आणि इंजिनात काय केलं होतं ते लिहायचं. ह्या तुकड्यांना ते 'रुमाल' म्हणायचे, आणि ह्या सगळ्या प्रकाराला 'नाक पुसणं'. धुराची नळी म्हणजे इंजिनाचं नाक, आणि काजळी म्हणजे… जाऊ दे, तुम्हाला कळलं. नाना तो शब्द पोरांसमोर सरळ वापरायचे आणि पोरं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायला कचरायची.

सरकारी कामात ह्या रुमालांना काही किंमत नव्हती. रिपोर्टात सेकंद जायचे, वजनं जायची, रुमाल जायचे नाहीत. पण नाना प्रत्येक वेळी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक वेळी, इंजिन चालू झालं की एक रुमाल काढायचेच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षांचे रुमाल रचून ठेवलेले.

एक किस्सा सांगितलाच पाहिजे. गॅदरिंगला कुणी बडे पाहुणे आले होते. त्यांची जीप पोर्चमध्ये चालूच ठेवलेली, ड्रायव्हर आत बसून पान खातोय आणि मागून काळा भपकारा. स्वागताला हार घेऊन मुली उभ्या, त्यांच्या नाकातोंडात धूर. नाना गर्दीतून शांतपणे आले, कडं घेऊन वाकले, तीसपर्यंत मोजलं आणि तो काळाकुट्ट रुमाल दोन बोटांच्या चिमटीत धरून थेट पाहुण्यांच्या समोर. "साहेब, तुमच्या गाडीचं नाक वाहतंय. नॉझल साफ करून घ्या." पाहुणे हसले बिचारे. विभागप्रमुख हसले नाहीत. नाना जाता जाता ड्रायव्हरकडे बघून पुटपुटले, "नाक पुसानी अक्कल नही, अन् गाडी हाकस."

आता हिरव्या बाटलीकडे येते.

विभागप्रमुखांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना माझं मलाच तोंड कडू होतंय, पण नव्हते. त्यांना एक पेपर वाचायचा होता, पुण्याला परिषदेत. विषय ठरला होता, डिझेलमध्ये मिसळायच्या औषधांचा इंजिनाच्या ताकदीवर आणि धुरावर काय परिणाम होतो. आणि नेमकी तेव्हाच एका माणसाने अशी बाटली काढली. हिरवं पाणी, वास अर्धा घासलेटचा आणि अर्धा डांबराच्या गोळ्यांचा. नानांनी हुंगलं आणि बाटली लांब धरली. "कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची गोष्ट आहे ही," म्हणाले. पण लगेच हेही म्हणाले की वासावरून निकाल द्यायचा नसतो, काही औषधं खरंच काम करतात, डिझेल फवारणाऱ्या नॉझलवर थर बसू देत नाहीत, थंडीत इंजिन लवकर पेट घेतं. मोजून बघू. नानांचं असं होतं. किळस आली तरी मोजल्याशिवाय बोलायचे नाहीत.

भाद्रपदात बिनबाटलीची रीडिंगं झाली. आठवडाभर, हलकं, मधलं, जड अशा तिन्ही ओझ्यांवर. इंजिन तेव्हा वर्षभर पोरांनी हाताळून हाताळून पार काळवंडलेलं. मग बाटल्या यायला उशीर झाला, तोवर नवरात्र आलं आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा. लेथला हार, ड्रिलला हार, इंजिनाला झेंडूचा मोठा हार. नाना पूजेत नसायचे. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, ते हळद-कुंकवाला हात लावत नसत, आणि कुणी आग्रहही करत नसे. पण आदल्या दिवशी सबंध दिवस तेच राबायचे. म्हणायचे, "पूजा तुम्ही करा, आंघोळ मी घालतो." आणि आंघोळ म्हणजे नुसतं फडकं मारणं नाही. नॉझल काढून पितळी ब्रशने घासायचं, हवेची जाळी डिझेलमध्ये धुवायची, धुराच्या नळीतली काजळी खरवडून काढायची. ह्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा, किळस आणि सुख दोन्ही एकदम, कान कोरताना माणसाचा होतो तसा. दरवर्षीचं काम. कुणी त्याची नोंद करत नसे. पोळ्याला बैल धुतला तर कुणी वहीत लिहितं का?

दसरा झाला, बाटल्या आल्या, सोमवारी बाटलीची रीडिंगं सुरू झाली. आणि काय सांगू, तेच इंजिन, तीच वजनं, पण डिझेल जास्त सेकंद टिकायला लागलं आणि रुमाल राखाडी सुद्धा नाहीत, जवळजवळ पांढरे. साहेब लॅबमध्येच टाळ्या वाजवायला लागले. नाना दोन दिवस रीडिंगचा कागद उलटसुलट बघत होते. मग म्हणाले, आकडा आहे तो आहे. आणि रीडिंगखाली सही केली.

मी रिपोर्ट टाईप केला, बाटलीवाल्याला द्यायचा दाखला टाईप केला, पुण्याचा पेपर टाईप केला. मजा येत होती, खरं सांगते. पेपरच्या शेवटी साहेबांनी आभारात लिहिलं, सर्व मोजणी श्री. उत्तम बैसाणे यांनी अचूकपणे केली. नानांचं नाव कुठे छापून यायची ती पहिलीच वेळ. मला म्हणाले, माय, त्या पानाची एक जास्तीची कॉपी काढ. भडगावला म्हाताऱ्या आईला दाखवायची होती. आईला वाचता येत नव्हतं, ती नावावर बोट फिरवणार होती.

जानेवारीत गॅदरिंगचं प्रदर्शन. नानांना हौस, रुमालांचा तक्ता करायचा, एका इंजिनाचं वर्षभराचं नाक. मला म्हणाले तू चिठ्ठ्या वाचत जा, मी तारखेप्रमाणे चिकटवतो. मी वाचत होते, ते चिकटवत होते. काळा, काळा, गडद काळा, काळा. मग मी वाचलं, दसऱ्याचा दुसरा दिवस, मधलं ओझं. आणि रुमाल पुढे केला. पांढरा.

नानांचा हात डिंकाच्या बाटलीवर थांबला.

"वाच परत."

वाचलं. त्यांनी विचारलं, बाटली कोणत्या दिवशी फोडली. मी टाईप केलेलं असल्यामुळे मला पाठ होतं. सोमवारी. दसऱ्याचा दुसरा दिवस शनिवार. पूजेचा हार उतरवल्यावर, आंघोळीनंतर इंजिन नीट चालतंय का बघायला नानांनी ते पाच मिनिटं चालवलं होतं, आणि सवयीने नाक पुसलं होतं, आणि रुमाल डब्यात टाकून विसरून गेले होते.

"मंग हाऊ पांढरा कसा?"

मला तेव्हा नाही कळलं. मी आपली म्हणाले, नाना, चांगलंय ना, पांढरा आहे ते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. मग त्यांनी सांगितलं, हळू, प्रत्येक शब्द थुंकल्यासारखा. बाटलीच्या आधीच इंजिन साफ झालं होतं. बाटलीने काहीच केलं नाही. काळा रुमाल न धुतलेल्या इंजिनाचा, पांढरा धुतलेल्या इंजिनाचा, आणि आम्ही मध्ये हिरवं पाणी ओतून त्याला औषध म्हणालो. उठून नळावर गेले. हाताला डिंकाशिवाय काही लागलेलं नव्हतं, तरी भुसा, साबण, भुसा.

दुसऱ्या दिवशी आधी त्यांनी स्वतः ताडून बघितलं. इंजिनाला पुन्हा आंघोळ घालून, साध्या डिझेलवर, बाटली न घालता. सेकंद तेच, रुमाल तोच. मग दोन्ही रुमाल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच कोपऱ्यात टाईपरायटरवर होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

साहेब म्हणाले, "नाना, बसा आधी. आकडे तुम्हीच घेतलेत ना?"

"हो साहेब."

"त्यातला एक तरी खोटा आहे?"

"नाही. पण आंघोळ मी घातली होती, बाटलीनं नाही. आणि ते रिपोर्टात नाही."

साहेब हसले. "आंघोळ दरवर्षी असते. पुण्याला पेपर वाचून झाला, दाखला गेला, छापील अंक यायचाय. आता काय कळवू मी त्यांना? आमच्याकडे दसरा होता?"

नानांनी दोन्ही रुमाल घडी करून खिशात घातले. मग म्हणाले, "मग माझं नाव काढा त्यातून."

"अहो, आभारात आहे ते. दिलेले आभार कुणी परत घेतं का?"

नानांनी मला चार ओळींचं पत्र सांगितलं. मी टाईप केलं. माझे नाव सदर पेपरातून वगळावे, कारण मोजणीआधी इंजिन साफ केल्याची नोंद माझ्याकडून राहिली आहे. सही. साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं, फाईलला लाव. मी पंच मारून फाईलला लावलं. बस. एवढं सोपं होतं ते. त्या पंचचा आवाज अजून मला नको वाटतो.

त्यानंतर नानांनी जे केलं ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. त्यांनी इंजिन साफ करणं बंद केलं.

बाटलीवाल्याने मार्चमध्ये एक कार्यक्रम ठरवला होता, आमच्याच लॅबमध्ये. धुळ्याचे ट्रकमालक, दोन-तीन ट्रॅक्टरचे डीलर, सगळ्यांसमोर नानांनी रुमाल काढून दाखवायचे. साहेबांना रुमाल आता फार आवडायला लागले होते, पाहुण्यांना दाखवायला बरे. आणि नाना हो म्हणाले. मला रागच आला. मग बघते तर काय, पोरांनी इंजिन दिवसभर ओझ्यावर चालवायचं, आणि नाना त्याला फडकंसुद्धा लावायचे नाहीत. नॉझल काळं झालं, जाळी चिकट झाली, नळीच्या तोंडाशी काजळीच्या ओल्या गाठी लोंबायला लागल्या. लॅबमध्ये पाय ठेवला की घशात बसायचं. नाना रोज सकाळी येऊन इंजिनासमोर उभे राहायचे, हात मागे बांधून, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून. ब्रश खिशात असायचा. काढायचे नाहीत. जेवायचे बंद झाले. एरवी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, अगदी वेळेवर. त्या दोन महिन्यांत नुसता चहा, तोही कपाची कडा पुसून पुसून. मी म्हटलं नाना, निदान खिडकी तरी उघडा. म्हणाले, "राहू दे माय. माले मळमळस ते बरंच शे. ध्यानमा राहस."

कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडल्या, शाल-नारळ आणले, बटाटेवडे मागवले. साहेबांनी भाषण केलं. मग नानांना म्हणाले, चला, बाटली घाला आणि रुमाल दाखवा.

नाना म्हणाले, आधी बिनबाटलीचा.

हँडल मारलं, वजनं टांगली, तीसपर्यंत मोजलं. काळा. लोक कौतुकाने पुढे वाकले. बाटलीवाल्याने स्वतःच्या हाताने बाटली ओतली, मापाने. नानांनी इंजिन तसंच वीस मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे नळीत आधीचं डिझेल राहिलं असं कुणी म्हणायला नको. तोवर चहा झाला. मग दुसरा रुमाल. नानांनी दोन्ही शेजारी शेजारी धरले.

पुढच्या रांगेत एक म्हातारे ट्रकमालक होते, सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "दोन्ही रुमाल सारखाच शेतस की."

बाटलीवाला म्हणाला, असर व्हायला वेळ लागतो, डोस पूर्ण व्हावा लागतो. साहेब नानांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पिवळा पडत होता, कारण आत्ता त्यांना इंजिनाची काजळलेली धुराची नळी दिसली. तिच्याकडे दोन महिन्यांत त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

नानांनी इंजिन बंद केलं. टाकी रिकामी केली, साधं डिझेल भरलं. कॅन आबांच्या नाकाशी नेऊन हुंगवलं, हिरव्याचा वास नाही ना बघा. नॉझल काढलं. आणि मग ब्रश खिशातून बाहेर आला. सगळ्यांसमोर, खाली उकिडवे बसून त्यांनी इंजिनाला आंघोळ घातली. पांढरी पँट गुडघ्यापासून खाली काळी. घाई नाही. जाळी धुतली, नळी खरवडली, त्या ओल्या गाठी वर्तमानपत्रावर पडल्या आणि पुढच्या रांगेने पाय वर घेतले. अर्धा-पाऊण तास गेला. कुणी उठलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. मग हँडल, वजनं, तीसपर्यंत.

तिसरा रुमाल पांढरा.

मला वाटलं आता नाना साहेबांना धुणार. बाटलीवाल्याला तर धुणारच. मी दाराशी उभी. नानांनी तिन्ही रुमाल एकात एक धरले आणि बोलले ते एवढंच. "मागच्या वेळी ही आंघोळ मी बाटलीच्या आधी घातली होती. अन् लिहिली नाही. चूक मनी शे. खाली सही बी मनीच शे. दाखला खोटा धरा."

मग आबांनी विचारलं, "बैसाणे भाऊ, हाऊ ब्रश कोठे भेटस?"

सगळे हसले. आणि माझी खरी किळस इथून सुरू होते. कारण हसून ते उठले, वडे खाल्ले, आणि जाताना दाराशी ठेवलेल्या खोक्यातून प्रत्येकाने दोन दोन फुकटच्या बाटल्या उचलल्या. आबांनीसुद्धा! बघू म्हणाले, बिघडत तर नाही काही. नाना नळावर होते. त्यांनी सगळं बघितलं.

दाखला कुणी खोटा धरला नाही. लेबलं छापून झाली होती. एप्रिलमध्ये नानांना लॅबमधून काढून स्टोअरला टाकलं. खडू, डस्टर, ड्रॉईंगचे कागद. तिथे घाण अशी नव्हतीच. नाना तिथे वाळल्यासारखे झाले.

पावसाळ्यात पुण्याचा छापील अंक आला, जाड, निळ्या पुठ्ठ्याचा. एक प्रत आमच्या लायब्ररीत. नाना शनिवारी दुपारी लायब्ररीत जायला लागले. काही दिवसांनी साहेब तणतणत माझ्याकडे आले, अंकात कुणी चिंधी टोचलीय, बघ म्हणाले. मी बघितलं. आभाराच्या पानावर, नानांच्या नावाशेजारी, टाचणीने लावलेला मांजरपाटाचा चतकोर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा रुमाल कापून केलेला. त्यावर बॉलपेनने: 'दसऱ्याचा दुसरा दिवस. बाटली नाही. इंजिनाला आंघोळ घातलेली.' साहेबांनी तो ओढून काढला. पुढच्या शनिवारनंतर तिथे दुसरा होता. तो काढला. तिसरा आला, थोडा लहान. नानांनी हिशेब लावला होता, रुमाल एकच होता आणि तो पुरवायचा होता. तुकडे लहान होत गेले, तसं लिहिणंही. 'बाटली नाही. आंघोळ घातलेली.' मग 'आंघोळ घातलेली.' साहेब कधी चिडून काढायचे, कधी महिना महिना विसरायचे. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. पान टाचण्यांनी चाळणीसारखं झालं होतं.

दोन वर्षांनी नाना रिटायर झाले. निरोपसमारंभ झाला, साहेबांनीच शाल घातली, चांगलं बोलले. नानांनी नमस्कार केला. चहाला थांबले नाहीत. मी मागे गेले तर ते लायब्ररीत. निळा अंक काढला, न बघता बरोबर त्या पानावर उघडला. आधीचा तुकडा पुन्हा गायब होता. खिशातल्या पाकिटातून त्यांनी शेवटचा काढला. अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर एकच शब्द मावला होता: 'आंघोळ'.

टाचणी काही जागेवर बसेना. चष्मा नवा होता.

"माय, तू टोच. डोयाले दिसत नही."

दाखला टाईप केलेल्या ह्याच बोटांनी मी ती टाचणी लावली. त्यांच्या नावाला लागून. नानांनी पान खालून दाबून बघितलं, घट्ट बसलीय का. अंक मिटून जागेवर ठेवला.

मग बाहेर नळावर गेले. भडगावची गाडी सुटायला पंधरा मिनिटं होती, मी दोनदा सांगितलं. भुसा नव्हता म्हणून माती घेतली. हात धुतले, नाकाजवळ नेले, तोंड वाकडं केलं. परत धुतले. परत हुंगले. शाल खांद्यावरून घसरून ओली होत होती आणि नाना हात धूतच होते.